अक्काची साखरेची बाग

मी धारवाड सोडलं त्या सकाळी अक्का दाराआड उभी होती. हातावर दही घालायला शेजारच्या काकू आल्या होत्या, कारण त्या सवाष्ण. दशम्या, शेंगांची चटणी, धुतलेली दोन धोतरं, सगळं अक्कानंच आदल्या दिवशी बांधून ठेवलं होतं. पण निघायची वेळ झाली तशी ती आपण होऊन आत सरकली. प्रवासाला निघणाऱ्याच्या समोर विधवेनं येऊ नये, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. दाराच्या फटीतून तिच्या लाल आलवणाचं टोक तेवढं मला दिसत होतं. मी देवांना नमस्कार केला, अप्पांना केला, काकूंनासुद्धा केला. तिला करायचा राहून गेला.

अप्पा म्हणाले, "हुबळी म्हणजे काय विलायत आहे? बारा मैल. रविवारी येत जा." आणि मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाले, "पाव-बिव खाऊ नकोस तिथं. एकदा बाटलास की बाटलास." आमच्या मळमड्डीहून स्टेशन हाकेच्या अंतरावर. गाडीत बसल्यावर आमची गल्ली दिसते का म्हणून मी पाहिलं नाही. एकोणीस वर्षांचा होतो, आणि रेल्वेत कारकून होणार होतो.

हे मी लिहितोय ते मळमड्डीत अजून राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी, आणि पुण्याला, मुंबईला, एकजण तर थेट नैरोबीला, असे जे पांगले त्यांच्यासाठीही. आपण एकमेकांना पत्रं लिहितो. प्रकृती बरी, पाऊस ठीक, आंबा यंदा महाग. बाहेर पडलेला माणूस पत्रात नेमकं काय लिहीत नाही, ते बाहेर पडलेल्यांनाच माहीत. मी काय करून पोट भरलं हे तुम्हाला आता ठाऊक आहे. कुणाच्या जिवावर भरलं ते ठाऊक नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तेराव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं. पुढं आई गेली, तेव्हा मला आणि धाकट्या वामनला तिनंच वाढवलं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे, तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. आणि गल्लीत कुठंही मुलीचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिलाच यायचं, मागच्या दारानं.

मुलीकडच्यांनी मांडवात रुखवत मांडायचं, म्हणजे लाडू-करंज्यांचे ढीग आणि शेजारी घरच्या बायकांची कलाकुसर, ही आपली रीत. त्यात अक्काच्या साखरेच्या बागेचा धारवाडभर बोलबाला होता. काटेरी हलव्याचे वेल, रहाट असलेली विहीर, तुळशीवृंदावन. आमच्या कन्नड शेजारणी गौरी हुण्णिवेला, म्हणजे गौरीच्या पौर्णिमेला, साखरेच्या चित्रांची आरती करतात, सक्करे आरती. त्यांच्याकडचे सागवानी साचे ती मागून आणायची आणि पोपट, मोर, हत्ती पाडायची. साच्यात नसेल ते पिठीसाखर डिंकाच्या पाण्यात मळून बोटांनी करायची. सगळं सोवळ्यात, दुपारपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब न घेता. तिच्या हातचं सगळ्यांना चालायचं, ती मात्र मांडवात चालायची नाही.

म्हणून ती कागदावर नकाशा काढून द्यायची. विहीर इथं, पेरूचं झाड इथं, पोपट पेरूवर. बायका आपल्या मनानं मांडायच्या. लग्नाहून कुणी परतलं की अक्का त्यांना गाठायची, "पोपट कुठं ठेवलात?" आणि "मोराशेजारी की, छान दिसला," असं कुणी म्हणालं की दोन दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नसे. वीस वर्षांत तिनं अशा किती बागा केल्या असतील, मांडलेली एकही तिनं पाहिली नाही. मी लहान असताना एकदाच म्हणाली होती, "एकदा तरी मांडलेली बघायची होती की रे." मी म्हणालो, मी मोठा झालो की दाखवीन.

पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. मुलीच्या कामाचे पैसे घेत नाहीत, असं ती म्हणे. लग्नघरचं ताट यायचं, तेही मागच्या दारानं. पण तिच्या सोवळ्यावर सगळ्या गल्लीचा भरवसा होता. संक्रांतीला लोक तिच्या हातचा तिळगूळ मागून नेत. नवऱ्याच्या घरचं काही मिळालं नाही, माहेरी अप्पांची शाळामास्तरकी. हा भरवसा हीच तिची सगळी मिळकत होती.

रेल्वेच्या परीक्षेत मी नापास झालो. बारा मैल परत जायचं तोंड नव्हतं. रेल्वे कॉलनीच्या कडेला एका गोवेकराची बेकरी होती, त्याला साहेबलोकांची बिलं इंग्रजीत लिहिणारा माणूस हवा होता. इनासबाब त्याचं नाव. साठीचा, पोटावर कायम पिठाचा पांढरा पट्टा. मी तिथं लागलो आणि घरी कळवलं, रेल्वेत चिकटलो. बेकरीच्या खिडकीतून रेल्वेची भिंत दिसत होती, एवढाच त्यात खरेपणा. बिलं लिहिता लिहिता सहा महिन्यांत आयसिंगची पिशवी माझ्या हातात आली. साखरेशी खेळायची हाताला घरचीच सवय होती. पाव तिसऱ्या महिन्यात खाल्ला. आकाश कोसळलं नाही. कोसळलं असतं तर बरं झालं असतं, पुढचं टळलं असतं.

रविवारी मी घरी जायचो. आल्या आल्या अंघोळ, आणि अक्का माझे कपडे काठीनं उचलून वेगळे भिजवायची. "कसला रे वास येतो तुझ्या कपड्यांना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, इंजिनाचा. इंजिनाला इतका गोड वास येतो, हे तिला माझ्यामुळंच कळलं.

तीनेक वर्षं अशी गेली. मग एका रेल्वे साहेबाच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी हुबळीतच वाढलेली, लग्न होऊन लगेच बोटीनं विलायतेला जाणार. मडम स्वतः बेकरीत आली, हातात एक कागद. त्यावर तीन मजली केकचं चित्र. केक नव्हे, त्यांच्या बंगल्याची बागच एकावर एक रचलेली. खालच्या मजल्यावर भाजीचे वाफे आणि विहीर. मधल्यावर हिरवळ, पाण्याचा नळ, नळाखाली एक बेडूक, आणि मुलगी लहानपणी दूध पाजायची तो मुंगूस. वरच्या मजल्यावर वेलींचा मांडव आणि झोपाळा. मडम हिंदुस्तानीत म्हणाली, गंभीर काही नको. मुलीला बघताक्षणी हसू आलं पाहिजे. बोटीवर तिला रडायला पुष्कळ वेळ आहे.

इनासबाबचे गुलाब गावात एक नंबर. पण लग्न मार्चच्या उन्हात, आणि गुलाबापलीकडं त्याची बोटं जात नव्हती. त्यानं साखरेचा मुंगूस करून पाहिला; दुसऱ्या दिवशी सकाळी तो पसरून पाल झाला होता. इनासबाब त्याच्याकडं बघत उभा होता आणि मी काही विचार न करता म्हणालो, "असलं आमच्या घरी होतं. उन्हात हलत नाही."

"कोण करता?"

"बहीण."

"मागीर तिका सांग मरे," इनासबाब म्हणाला. मग तिलाच सांग.

आता अक्काला काय सांगायचं? साहेबाच्या केकसाठी म्हणालो असतो तर माझी रेल्वेही उघडी पडली असती. मी सांगितलं, आमच्या ऑफिसातल्या एका मोठ्या हुद्द्यावरच्या आपल्याच माणसाच्या मुलीचं लग्न आहे, त्यांना रुखवतासाठी बाग हवी. जरा वेगळी, तीन पायऱ्यांची. यादी वाचून दाखवली. बेडूक आला तशी ती थांबली.

"रुखवतात बेडूक? कुठली रे ही माणसं?"

"कोकणातली," मी म्हणालो.

"हौदा?" होय का, म्हणत तिनं मान हलवली. "कोकणातल्यांचं काही सांगता येत नाही." थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग छत्री पाहिजे की त्याला. तिथं पाऊस किती."

मडमच्या कागदावर छत्री नव्हती. अक्कानं ती कोकणच्या पावसासाठी दिली.

माघ सरत आला होता. हलव्याला काटा यायला थंडी लागते, म्हणून ती पहाटे उठून शेगडी पेटवायची आणि परातीत खसखशीवर पाकाचे थेंब सोडत बोटांनी हलवत बसायची, उन्हं येईपर्यंत. तीन आठवडे. बोटांची टोकं लाल झाली होती. मी दोन रविवारी डबे भरून नेले. चित्रं फुटू नयेत म्हणून तिनं मधे चुरमुरे भरले होते. बेडूक वेगळ्या डबीत. हिरवा, ढेरपोट्या, एका हातात काळी छत्री, आणि तोंडावर असा भाव, की हा पाऊस आपल्याला विचारून पडायला हवा होता. मला गाडीत दोनदा डबी उघडून बघावीशी वाटली आणि दोन्ही वेळा मी एकटाच हसलो.

शेवटी तिनं पानात गुंडाळलेला साखरेचा गणपती दिला, सुपारीएवढा. "आधी हा मांड, मग बाकीचं." नको म्हणायला कारण सापडेना. हुबळीला पोचल्यावर तो कुठं ठेवायचा कळेना. पाच डझन अंडी आणि ब्रँडी घातलेल्या केकवर ठेवणं शक्य नव्हतं, आणि माझ्या ट्रंकेत पावाच्या पिशवीशेजारी ठेवणंही नको वाटलं. दुसऱ्या दिवशी उणकलच्या तळ्यावर जाऊन मी तो पाण्यात सोडला. साखरच ती, लगेच विरघळली. मी इकडंतिकडं पाहिलं, जसं काही चोरून धुणं धुतलं.

मग किंमत ठरवायला बसलो. इनासबाब बोलत होता, मी लिहीत होतो. मनुका, बदाम, ब्रँडी, अंडी, भट्टीचं जळण, दोन माणसांची मजुरी, मजल्यांमधले खांब. पंचाहत्तर रुपये झाले. मग तो म्हणाला, "आनी ही बाग?"

मी साखर आणि कोळसा मिळून चार रुपये लिहिले. त्यानं कागद ओढून घेतला, वाचला, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. "तीन आठवडे काम केलां तिणें. तिचे हात खंय आसात हांतूं?" यात तिचे हात कुठं आहेत, असं तो विचारत होता. मी सांगितलं, आमच्यात याचे पैसे घेत नाहीत. तो म्हणाला, तुमच्यात घेत नसतील, पण मडम देणार आहे, आणि ज्याला किंमत लावली नाही ते कुणी केलंच नाही असं लोक धरून चालतात. त्यानं चाराचे पंचवीस केले. एकूण शंभर. मडमनं बिल पाहिलं आणि एक आणासुद्धा कमी करून मागितला नाही. पंचवीस रुपये इनासबाबनं वेगळे बांधून माझ्या हातात दिले, बहिणीला दे म्हणाला. अक्का घेणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणून मी विचारलंही नाही. त्यातून मी आयसिंगच्या विलायती नळ्यांचा संच मागवला.

लग्नाच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये मी बाग मांडली. अक्कानं या खेपेलाही नकाशा दिला होता, आणि निदान एवढं तरी मी केलं, की तिच्या नकाशाप्रमाणं एकेक चित्र ठेवलं. बेडूक नळाच्या डाव्या अंगाला. मुंगूस वाफ्याआडून डोकावणारा. पोपट पेरूवर. मांडून झाल्यावर मी चार पावलं मागं सरलो. मला ती बाग तोवर डब्यात आणि परातीतच माहीत होती. मांडलेली इतकी सुंदर दिसते याची कल्पना नव्हती.

पाहुणे आले. नवरी केकजवळ गेली, वाकून वाकून बघायला लागली, बेडकापाशी आली आणि खळखळून हसली. मग हसता हसता रडली. मडम माझ्याकडं आली. इनासबाब तेव्हा मागं गाडीवाल्याशी बोलत होता. तिनं विचारलं, हे सगळं कुणी केलं?

मी म्हणालो, मी.

बहीण म्हणालो असतो तर तिला बोलावून आणा म्हणाली असती, मग अंडी निघाली असती, केक निघाला असता, रेल्वे निघाली असती. एका क्षणात हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि तोंडातून "मी" निघालं. ते भीतीनं झालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मडमनं पुढं विचारलं, छत्री माझ्या चित्रात नव्हती, ती कुणाला सुचली? आणि मी पुन्हा म्हणालो, मला. त्या वेळी भीती नव्हती. त्या वेळी मला ते हवं होतं.

ती म्हणाली, "ज्या हातांनी हे केलं त्यांनी माझ्या मुलीचं घर तिच्यासोबत बांधून दिलं." तिनं सगळ्यांना थांबवून मला पुढं बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत साहेबाची विधवा बहीण बसली होती, काळा झगा घालून, हातात सरबताचा पेला. तिला कुणी दाराआड उभं केलं नव्हतं. तीही टाळ्या वाजवत होती. अक्का तिथून बारा मैलांवर होती, आणि एवढ्याशा प्रवासाचं तिकीट मला परवडत होतं.

इनासबाबला दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी समजलं.  त्यानंतर तो मला नावानं हाक मारायचा बंद झाला.

पुढच्या रविवारी अक्का अंगणातच वाट बघत होती. "कशी दिसली रे? पोपट कुठं ठेवला?" मी म्हणालो, मला कुठं बघायला मिळालं, त्या दिवशी ड्यूटी होती. "हौदा," ती म्हणाली आणि आत गेली. इतर बायकांनी चुकीचं का होईना, काहीतरी सांगितलं होतं. मी तेवढंही दिलं नाही.

मडमच्या चिठ्ठीवर मला बंगलोर कँटोन्मेंटमध्ये एका मोठ्या बेकरीत काम मिळालं. या वेळी बारा मैल नव्हते. सुरुवातीला मी आठवड्याला पत्र लिही, मग महिन्याला. इथं मी पँट घालतो, काटा-चमच्यानं जेवतो, हाताखालच्या पोरांशी तमिळमध्ये भांडतो आणि मुलांशी अर्धं कन्नड अर्धं इंग्रजी बोलतो. पुढं स्वतःचं दुकान काढलं. गार्डन केक ही माझी खासियत. काचेमागं फोटो लावलाय, खाली माझं नाव. गोरे अधिकारी, पारशी, बड्या हुद्द्यावरचे आपले लोकसुद्धा ऑर्डर देतात. छत्रीवाला बेडूक मी किती वेळा केला असेल, पण तो भाव त्याच्या तोंडावर मला एकदाही आणता आला नाही. गिऱ्हाईकांना फरक कळत नाही. मला कळतो.

माझा धंदा अप्पांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी लिहिणं सोडलं. अक्काचं कार्ड मात्र येत राहिलं, चार ओळींचं. तळाशी "आशीर्वाद, अक्का."

लढाई चालू असताना अप्पा गेले. मी पोचलो तोवर वामननं सगळं उरकलं होतं. चौदा दिवस मी बाहेरच्या पडवीत जेवलो आणि तिथंच निजलो. स्वयंपाकघरात मला यायला कुणी बंदी केली नव्हती, मीच गेलो नाही. परत निघायच्या आदल्या दुपारी अक्का सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. पंचेचाळिशीची, पण हात म्हातारीचे. मी तिच्यापुढं जाऊन बसलो.

"अक्का, ती कोकणातल्यांची बाग आठवते?"

"बेडकाची. न आठवायला काय झालं?"

"कोकणातले कुणी नव्हते. साहेबाच्या मुलीचं लग्न होतं. मी तेव्हाही बेकरीतच होतो. ती बाग केकवर मांडली. अंड्याच्या."

तिचा हात थांबला. "किती अंडी?"

"पाच डझन."

"अय्यो देवरे," ती हळूच म्हणाली. उठली, मागच्या दारी गेली, कोपरापर्यंत हात धुतले. आता ही विहिरीवर अंघोळ करणार आणि माझ्याशी बोलणार नाही, असं मला वाटलं. ती परत आली आणि त्याच सुपाशी बसली.

"अप्पांना माहीत होतं?"

"नाही."

"इरली," ती म्हणाली. असू दे. "पण गल्लीत बोलू नकोस, मी आहे तोवर तरी. माझ्या हातचा तिळगूळ कुणी घेणार नाही." दोन-चार खडे काढून टाकले. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "आता तरी सांग. कशी मांडलीस?"

मी परात उपडी घातली, तिच्यावर ताट उपडं, ताटावर वाडगा. डाळीची हिरवळ केली. विहिरीच्या जागी वाटी, बेडकाच्या जागी सुपारी. सांगत गेलो आणि ठेवत गेलो. सुपारी ठेवली तशी ती म्हणाली, "नळाच्या डाव्या अंगाला पाहिजे. छत्रीखालनं त्याला माणसं दिसली पाहिजेत."

"तिथंच होता. हे बघ, डावं अंग."

ती उठली आणि त्या भांड्यांभोवती हळूहळू फिरली, कमरेवर हात ठेवून, वाकून, प्रत्येक बाजूनं बघत. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. मी अंड्यांसाठी इतकी वर्षं घाबरलो होतो, आणि तिला अंड्यांचं काही नव्हतं. मग ती बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "लोकांनी विचारलं असेल की, कुणाच्या हातचं म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

त्या दुपारी मला खरं बोलता आलं असतं. निम्मं बोललोच होतो, आणि निम्मं तिनं पोटात घातलं होतं. मी म्हणालो, "तुझं नाव सांगितलं."

तिनं मान वर केली. "अक्का म्हणालास, की गोदावरी म्हणालास?"

"गोदावरी."

"बरं केलंस. अक्का काय, दर गल्लीत दहा आहेत." आणि मग, "काय म्हणाली मडम?"

मडमचं वाक्य मी तिला जसंच्या तसं दिलं. ज्या हातांनी हे केलं त्यांनी माझ्या मुलीचं घर तिच्यासोबत बांधून दिलं. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. आपले दोन्ही हात तिनं मांडीवर उलटे ठेवले, जरा वेळ पाहिले, आणि डाळ निवडायला घेतली. ती भांडी तिनं रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत हलवू दिली नाहीत. वामननं विचारलं, हे काय मांडलंय? ती म्हणाली, काही नाही, वाळत घातलंय.

मी बंगलोरला परतलो. महिन्यानं तिचं कार्ड आलं. प्रकृती बरी, पाऊस ठीक. तळाशी आशीर्वादानंतर "अक्का" नव्हतं. "गोदावरी" होतं, मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरात. त्यानंतर प्रत्येक कार्डावर तेच. शेवटचं यंदाच्या श्रावणात आलं, त्यावर अक्षर हललेलं होतं, पण नाव पुरतं लिहिलेलं. पंधरा दिवसांनी वामनची तार आली.

प्रत्येक वेळी उत्तर लिहिताना मी ठरवायचो, या खेपेला सांगून टाकू. मग वाटायचं, सांगितलं तर पुढच्या कार्डावर पुन्हा अक्का येईल. म्हणून राहू दिलं. तिच्यासाठी राहू दिलं असं म्हणायला मला आवडेल. पण दुकानाच्या काचेतला फोटोही तसाच राहिला होता, हे विसरून चालणार नाही.

मळमड्डीतलं ते घर भाड्याचं होतं, वामन आता ते सोडतोय. साहेबलोकही आवरून निघालेत. माझ्याकडं शेवटच्या शेवटच्या ऑर्डरी येतात, निरोपाच्या. तुमचं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी सवयीनं धारवाड म्हणतो, आणि मनात येतं ते कार्डाच्या तळाचं नाव. माझ्या एका थापेवर ते नाव तिनं इतकी वर्षं लिहिलं. घर म्हणून माझ्याकडं एवढंच उरलंय, आणि तेही मी सरळ मार्गानं मिळवलेलं नाही.

ती आहे तोवर बोलू नकोस म्हणाली होती. आता ती नाही. तेव्हा ऐका, आणि तुमच्या मुलींच्या लग्नात रुखवत मांडाल तेव्हा त्यांनाही सांगा. हुबळीच्या क्लबात ज्या बागेसाठी टाळ्या पडल्या ती गोदावरीनं केली होती. छत्री तिला सुचली होती. मी ते सगळं डब्यात भरून गाडीतून नेलं, दुसरं काही केलं नाही.